एक मूठ वरची

डिंडोली, सुरत
२१ जून २०२५

कानबाई माय प्रसन्न

विहीणबाई अंजनाबाई यांना धुरपदाबाईचा रामराम.

डॉक्टरने काल काळा चष्मा काढायला सांगितला आणि मी पहिलं काम हे केलं, नातवाच्या वहीतली पानं मागून घेतली. नातू म्हणजे अक्षय, माझ्या थोरल्या भिकनचा. मी तिसरीपर्यंत शिकले, त्यातही तिसरीतलं अर्धं वर्ष म्हैस राखण्यात गेलं, म्हणून अक्षर मोठं येतं आणि ओळ खाली घसरते. तुम्ही सातवी शिकलेल्या, समजून घ्या.

मला अजून हसू येतं बाई. डोळ्यांच्या कॅम्पात आपण दोघी सकाळपासून एका बाकावर, दोघींच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू. तुम्ही मला लिमलेटची गोळी दिली. मी तुम्हाला सुनेची गाऱ्हाणी सांगितली. वत्सला तशी चांगली आहे हो, पण वेळ जायला काहीतरी बोलावं लागतं. तुम्ही म्हणालात, माझा जावई गुणाचा, भाजी निवडून देतो. मी म्हटलं, माझा धाकटा चेतनपण निवडायचा, मेथी तर एकेक पान बघून. तेवढ्यात नर्सबाईने पुकारलं, अंजनाबाई बाजीराव तायडे, उधना. आणि पट्टीखाली मला दरदरून घाम फुटला. तायड्यांची जागृती म्हणजे माझ्या चेतनची बायको. दोन वर्षं ज्या बाईला मी मनातल्या मनात बोल लावत होते, तिच्याच हातची गोळी माझ्या तोंडात होती.

देवाला हे कसं सुचतं बघा. समोरासमोर आणलं असतं तर मी तोंड फिरवलं असतं. म्हणून त्याने आधी डोळे बांधले.

आता तुम्ही म्हणाल, फोन का नाही केला. मी वीस वर्षं लूमखात्यात बॉबिनी भरल्या, त्या खडखडाटात कान गेले. फोनवर मी ओरडून बोलते आणि गल्लीला सगळं ऐकू जातं. भिकनलाही जाईल. मंगलाबाई आमच्या गल्लीतली, भाजीची टोपली घेऊन रोज तुमच्या उधन्याच्या बाजारात बसते. पण तोंडी निरोप दिला की ती तो भाजीबरोबर वाटत जाते. म्हणून पत्र. कणकेने चिकटवलंय, सुरीने उघडा.

आमच्याकडे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. चेतनने कोर्टात लग्न केलं आणि भिकनला ते मिलमधल्या परक्या माणसाकडून कळलं. भिकन जातीवरून बोलला, ते मी पुन्हा लिहीत नाही. या घरात पाय ठेवायचा नाही, असं म्हणाला. चेतन म्हणाला, दादा स्वतः बोलवायला येईल तेव्हाच ठेवीन. दोघंही माझेच, हट्ट कुठून आला ते काय सांगायचं.

एवढंच विचारते. तो कसा आहे? जेवतो ना पोटभर?

तुमची विहीण
धुरपदाबाई


उधना
२७ जून

धुरपदाबाई यांना अंजनाबाईचा जय भीम.

मंगलाबाईने पत्र दोडक्यांखालून काढून दिलं, म्हणून पहिली ओळ ओली होती. बाकी सगळं वाचता आलं. अक्षर मोठं आहे ते बरंच, माझंही एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय.

मला तुमच्या आधी कळलं होतं. तुम्ही चेतन म्हणालात आणि मेथीचं पान म्हणालात तेव्हाच. पण मी बोलले नाही. म्हटलं, गोळी संपेपर्यंत तरी बाई शेजारी बसू दे.

चेतन जेवतात. इच्छापोरला कामाला जात होते, हल्ली घरूनच काम करतात. जागृती महिन्यापासून आमच्याकडे आहे, अजून दोनतीन महिने राहील. चेतन सगळं काम उचलून रविवारी इकडे येतात, दिवसभर बसतात, संध्याकाळी जातात. याहून जास्त विचारू नका. दोघांनी मला काही सांगायचं नाही म्हणून बजावलंय आणि मी शब्द दिलाय.

तुम्हाला वाटत असेल, आमच्याकडे पेढे वाटले. तसं नाही. माझा मुलगा प्रमोद बहिणीशी तीन महिने बोलला नाही. म्हणाला, आपल्याला जे घरात घेणार नाहीत त्यांच्यात जाऊन काय मिळणार. आमचे हे रेल्वेतून निवृत्त झालेले, शांत माणूस. ते म्हणाले, ती माणसात चाललीय, घरात नाही. आता प्रमोद बोलतो.

डोळ्यात थेंब वेळेवर घाला. मी दोनदा विसरले.

अंजनाबाई


डिंडोली
५ जुलै

कानबाई माय प्रसन्न

विहीणबाई, रामराम.

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. जागृती माहेरी, चेतन तिकडे एकटा, रविवारी येऊन बसतो आणि जातो. एवढं कळायला मला सातवी लागत नाही. भांडले ना दोघं?

तिला माझ्या नावाने सांगा. चेतन रागावला की बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून बसतो. त्याला समजवायला जायचं नाही. वाटीभर शेवमुरमुरे त्याच्या हाताशी ठेवायचे आणि आपण दुसऱ्याच माणसाबद्दल बोलायला लागायचं. वाटी संपेपर्यंत तो वळतो. लहानपणापासून हाच इलाज आहे. आणि त्याला सांगा, बायकोला माहेरी ठेवून घर सारवलं जात नाही. तुमच्याकडे फरशी असेल, पण मुद्दा तोच.

मी पण पहिल्या वर्षी पळून गेले होते माहेरी, अमळनेरजवळ. आमचे हे, चिंधा नाव त्यांचं, सुरतेहून न्यायला आले ते हातात एक कोबी घेऊन. मिठाई आणायची तर माणूस कोबी आणतो. म्हणाले, ताजा होता. मी गेले परत. असो, कुठून कुठे आले.

आता श्रावण येतोय. तुम्ही भुसावळकडच्या, आमची कानबाई पाहिली असेल. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते, सोमवारी तापीवर बोळवायची. तिचे रोट करायचे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे, ते दळायचे, त्याचे रोट लाटायचे आणि ते फक्त आपल्या घरच्यांनीच खायचे. उरले तर जमिनीत पुरायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. म्हणून वर्षभर तोंड न बघणारे भाऊसुद्धा रोट खायला एका पंगतीत येतात. ज्याची मूठ पडली तो घरचा.

गेली दोन वर्षं मी चेतनची मूठ धरली. तो आला नाही आणि त्याचा रोट मी माझ्या हाताने तुळशीजवळ पुरला. यंदा भिकन म्हणतो, आई, खायला येत नाही त्याची मूठ धरायची नाही. तो वाईट नाही हो. हे गेले तेव्हा चेतन सातवीत होता, भिकनने त्याला वाढवला. पुराच्या वर्षी गळ्यापर्यंत पाणी, तर चेतन त्याच्या खांद्यावर आणि कानबाईचा नारळ माझ्या पदरात. दोन्ही सुखरूप आले. खांद्यावर घेतलेल्याने न सांगता लग्न केलं, ते त्याला लागलंय. जातीचं तो वर बोलतो, आत हे आहे.

आमची कानबाई या घरात दोनदाच चुकली. एकदा चुलत सासरे वारले, सुतक होतं. एकदा चेतन जन्मला तेव्हा, सोयर होतं. आमच्यात मूल झालं की दहा दिवस देवाला हात लावता येत नाही. एरवी कधी चुकली नाही. ती बघून घेईल. मी फक्त गहू निवडते.

शेवमुरमुऱ्यांचं विसरू नका.

धुरपदाबाई


उधना
१३ जुलै

धुरपदाबाई यांना जय भीम आणि रामराम.

तुमचा सल्ला मी जागृतीला मोठ्याने वाचून दाखवला. ती इतकी हसली की तिला बसवावं लागलं. भांडण नाही हो. कोबीचं तर चेतननी दोनदा वाचायला लावलं. हसताहसता उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने आत आले.

त्यानंतर मी ठरवलं की दिलेला शब्द अर्धा मोडायचा. अर्धा अजून राखते.

मार्चमध्ये कारखान्यात चेतनचा उजवा हात रोलरमध्ये गेला. हात वाचला, दोन बोटं गेली. ठेकेदाराने दवाखाना केला आणि मग पुन्हा ये म्हणाला नाही. आता घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवतात, गल्लीतल्या बायका करतात ते काम. सुरुवातीला टिकली चिमटीत धरता येत नव्हती, आता डाव्या हाताने भरभर उचलतात. तुमच्याकडे कळू नये असं त्यांनीच सांगितलं. म्हणाले, आईला कळलं तर ती रडेल आणि दादाला कळलं तर त्याला दया येईल, मला दोन्ही नको.

रागावू नका. आईपासून हे लपवणं मला जड जात होतं.

तुम्ही लिहिता, ती बघून घेईल. मला तसं म्हणता येत नाही. बोटं जाण्यात कोणाचा काय हेतू असेल ते मला दिसत नाही, आणि आम्ही तसं शोधतही नाही. झालं ते झालं, आता माणसाने माणसाशी कसं वागायचं एवढं पाहायचं. विहारात वर्षावास सुरू झालाय. संध्याकाळी ग्रंथ वाचतात, मी एक डोळा मिटून ऐकते.

पण तुमच्या मुठीचं मला कळलं. हे रेल्वेच्या लाइनवर गँगमध्ये होते तेव्हा कधी यायचे, कधी दोन दिवस नाही. मी रोज त्यांची भाकरी थापायचे. शेजारीण म्हणायची, वाया जाते. मी म्हणायचे, जाऊ दे. एखाद्या दिवशी थापायचं राहिलं आणि ते आले तर त्यांना काय वाटेल?

तुम्ही मूठ धरा.

अंजनाबाई


डिंडोली
२६ जुलै

कानबाई माय प्रसन्न

विहीणबाई, रामराम.

रडले. चेतनला सांगू नका, किंवा सांगा, त्याला माहीतच आहे. दोन दिवस भाकरी थापताना माझीच बोटं बघत होते. घरात कोणाला बोलले नाही. देवीला तेवढं सांगितलं, आणि जरा मोठ्यानेच सांगितलं, पण तेव्हा घरी वत्सलाच होती. ती गॅस पुसत राहिली. शहाणी आहे.

तुमच्याशी वाद घालत नाही. देवाने बोटं का घेतली ते मला माहीत नाही आणि माहीत असल्यासारखं मी बोलणार नाही. पण एक सांगते. वीस वर्षं मी बॉबिनी भरल्या. कोरा धागा, रंगसुद्धा नाही. कुठल्या साडीत गेला, कोण नेसली, लग्नात नेसली का दवाखान्यात, मला कधी कोणी दाखवलं नाही. शेठ दाखवेल कशाला? पण कोणीतरी नेसली ना. नुसताच वाया गेला असं तर नाही. मी एवढ्यावर चालते. याहून जास्त मला येत नाही.

आता गंमत ऐका, नाहीतर पत्र रडकं होईल.

आज गहू मोजले. पाट मांडला, परात ठेवली. भिकन पलसाण्याहून रातपाळी करून आलेला, झोपायचं सोडून दारात उभा. म्हणाला, दोनच मुठी, माझी आणि अक्षयची. एक मूठ टाकली, वर पाव, म्हटलं भिकन. दुसरी टाकली, म्हटलं अक्षय. तिसरी टाकली आणि म्हटलं चेतन. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. भिकनने तोंड फिरवलं, पण अडवलं नाही.

तेवढ्यात खिडकीतून मंगलाबाईने हाक मारली, गंगाफळ आणलंय, अर्धं देऊ का पूर्ण. मी म्हटलं, देवीच्या भाजीला अर्धा भोपळा कसा पुरेल, पूर्ण दे, आणि बिया भरपूर असलेलं दे, मागच्या वेळचं पोचट निघालं. बोलता बोलता हात पिशवीत गेला आणि परातीत आला. अक्षय म्हणाला, बा, एक वधारे थई गई. हा सगळं गुजरातीतच बोलतो, शाळेचा गुण.

खरंच एक मूठ वरची पडली होती. वर पावसुद्धा. आणि एकदा देवीच्या नावाने परातीत पडलेले गहू काढत नाहीत. भिकन आत आला, परातीकडे बघितलं. म्हणाला, माय, ही मूठ कोनी? मी म्हटलं, मला काय माहीत कोणाची, पडली. तो म्हणाला, घरात पुरुष किती ते तुला माहीत नाही का. मी म्हटलं, मला माहीत आहे, देवीला विचार.

तो हसला नाही. पण गहू काढलेही नाहीत. वत्सला दळून घेऊन आली, पिठाचा डबा देवापाशी ठेवलाय. चाळीस वर्षांत माझी मूठ कधी चुकली नव्हती. नवीन डोळे आले आणि हात चुकायला लागले.

मनाला थोडी रुखरुख आहे. वरचा रोट खायचा कोणी? पुरायचाच ना? पण पुरताना नाव कोणाचं घेऊ?

धुरपदाबाई


उधना
३१ जुलै

धुरपदाबाई,

उरलेला अर्धा शब्द आज मोडते.

मंगळवारी, नागपंचमीच्या दिवशी सकाळी, जागृती बाळंत झाली. मुलगी आहे. दोघी सुखरूप. म्हणूनच ती माहेरी आली होती हो, भांडून नाही. मागच्या वर्षी एक राहिलं आणि टिकलं नाही, म्हणून या वेळी हातात येईपर्यंत कोणाला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. तुम्हाला वाईट वाटायला नको, म्हणून मला शपथ.

रंग तुमच्या चेतनचा. नाक आमच्या यांचं आहे, त्याला इलाज नाही.

तुमचं मुठीचं पत्र मी बाळंतिणीच्या खाटेपाशी वाचलं. जागृती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, आई, त्यांच्यात मुलींची मूठ धरतात का? मी म्हटलं, नाही, पुरुषांचीच. ती म्हणाली, मग ती कोणाची?

मी हात चुकला असंच म्हणते. तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे.

एक सांगायचं राहतं. सोयरसुतक आम्ही पाळत नाही, पण तुम्ही पाळता हे तुम्हीच लिहिलंय. हे म्हणाले, पत्र सोमवारनंतर पाठव, त्यांची देवी होऊन जाऊ दे. मी पाठवतेय. नात झाली हे आजीला उशिरा का कळावं? पुढचं तुमच्या भिकनच्या हातात आहे. मुलगी घरची म्हटली तर तुमची कानबाई बसणार नाही. कानबाई बसवली तर मुलगी घरची नाही. मी टोचायला लिहीत नाही, जसं आहे तसं लिहिलं.

अंजनाबाई


डिंडोली
३ ऑगस्ट, रविवार

(सोयरात देवीचं नाव वर लिहावं की नाही ते माहीत नाही, म्हणून लिहिलं नाही.)

विहीणबाई, रामराम, आणि तुमच्या घरी सगळ्यांना जय भीम.

वरच्या ओळीवरून तुम्हाला कळलंच असेल. तरी सगळं नीट सांगते, कारण मला सांगायची हौस आहे आणि आज दुसरं काही काम नाही.

तुमचं पत्र गुरुवारी संध्याकाळी आलं. भिकन स्टुलावर चढून देवीच्या जागेवर लाइटीच्या माळा बांधत होता. मी विचार केला, कोपऱ्यात जाऊन गुपचूप वाचते. पण विहीणबाई, मला मनात वाचता येत नाही. ओठ हलले की आवाज येतो, आणि माझा आवाज. बाळंत झाली पर्यंत मी आले तोवर शेजारची भागीरथी दारात येऊन उभी राहिली. थांबायचं भान मला राहिलं नाही. नाकापर्यंत वाचलं, मुठीपर्यंत वाचलं, कानबाई बसवली तर मुलगी घरची नाही इथपर्यंत वाचून टाकलं. मग वर बघितलं तर भिकन स्टुलावर तसाच, हातात माळ.

आणि मला आनंद इतका झालेला की भीती वाटायला वेळ लागला. मी वत्सलाचा हात धरून गोल फिरले. ती म्हणाली, आई, डोळ्याला झटका बसेल. नंतर रात्री पडल्यावर भीती आली. आजवर मी म्हणत होते, ती बघून घेईल. आता बघणार होता भिकन. तो नाही म्हणाला असता तर त्याच घरात, त्याच देवीपुढे मी आरती कशी म्हणणार होते? मी एवढंच म्हटलं, माय, तुला यायचं तर ये, पण माझ्या नातीला बाहेर ठेवून येऊ नको. देवीला असं बोलावं का? बोलले खरी.

शुक्रवारी मी आधीच्या पत्रातलं राहिलेलंही सांगून टाकलं, चेतनच्या हाताचं. तो जेवता जेवता थांबला. कोणता हात, म्हणाला. मी म्हटलं, उजवा. मग ताट सरकवून उठला.

शनिवारी सकाळी अमळनेरहून चुलत दिराचा फोन आला. दरवर्षी ते सगळे देवीच्या दर्शनाला येतात, कुठल्या गाडीने येऊ विचारत होते. भिकन दाढी करत होता, अर्ध्या गालाला साबण. फोन कानाला लावून म्हणाला, काका, यंदा येऊ नका, देवी बसाव नही. सोयर शे. तिकडून विचारलं असणार, कोणाकडे. हा म्हणाला, चेतनकडे. पोरगी झाली.

बस. एवढंच. उरलेली दाढी केली, स्टुलावर चढला आणि माळा सोडायला लागला. अक्षय खालून गुंडाळत होता. मी चौरंग पुसून भिंतीला उभा करून ठेवला.

लग्न होऊन आल्यापासून कानबाई चुकली की मला चुटपुट लागायची. यंदा बघा, गल्लीत घरोघरी गाणी चाललीत, आमचा कोपरा रिकामा, आणि मी त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून हसतेय. भागीरथी म्हणाली, माझ्या डोळ्यांबरोबर डोकंपण तपासून घ्यायला हवं होतं.

आता शेवटचं. दुपारी वत्सला म्हणाली, त्या पिठाचं काय करायचं, वर्षभर ठेवलं तर जाळी धरेल. भिकन म्हणाला, देवीला दाखवलेलं नाही, नुसतं पीठ आहे. त्याने डबा उचलला आणि मोटारसायकलच्या टाकीवर ठेवला. मी विचारलं, कुठे? म्हणाला, चक्कीवर. दळलेलं पीठ घेऊन माणूस चक्कीवर कशाला जाईल? मी विचारलं नाही.

चार वाजत आलेत. अजून आला नाही. तुमच्याकडे आलाय का?

धुरपदाबाई


उधना
४ ऑगस्ट

धुरपदाबाई यांना रामराम.

आला होता.

दार उघडंच होतं. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, डबा छातीशी धरून. म्हणाला, पीठ आणलंय. यांनी ओळखलं नाही, त्यांना वाटलं चक्कीवाल्याचा माणूस, म्हणाले, आमचं दळण नव्हतं. मी आतून आले आणि बघितलं. तुमचाच चेहरा, फक्त मिशी.

मी म्हटलं, घरात बाळंतीण आहे, तुमचं सोयर वगैरे चालत असेल तर या. तो म्हणाला, सोयर आमच्याच घरचं आहे, मला कसलं आडवं येतं.

चेतन मांडीवर साडी घेऊन टिकल्या लावत होते. त्यांनी उजवा हात साडीखाली घातला. भिकन त्यांच्यासमोर फरशीवर बसला. मग त्याने साडीचं दुसरं टोक ओढून ताणून धरलं, म्हणाला, ढिली राहिली तर टिकली वाकडी बसते, लाव. चेतननी डाव्या हाताने दोन लावल्या. तिसऱ्या वेळी उजवा हात आपोआप बाहेर आला, साडी दाबायला. भिकनने बघितलं आणि दया दाखवली नाही. म्हणाला, गाढवा, मला मिलमधल्या माणसाकडूनच कळायचं का सगळं?

चेतन म्हणाले, तू बोलवायला येणार होतास. तो म्हणाला, आलोय.

मी आत गेले. मला तिथे काम होतं.

त्या पिठाच्या बट्ट्या केल्या, वरण, वांग्याची भाजी. खरं सांगते, आमच्या घरचं पाणी तरी घेईल का, हा प्रश्न माझ्या मनात होता. त्याने वरण दोनदा मागितलं. प्रमोद त्याच्या शेजारी बसला होता, सुरुवातीला ताठ. मिलचं बोलणं निघालं आणि दोघं ठेकेदारांना नावं ठेवायला लागले, तेव्हा सैल झाला. जाताना भिकनने मुलगी बघितली. ती मूठ आवळून झोपली होती, सगळीच पोरं झोपतात तशी. तो म्हणाला, हिची मूठ आधीच पडलीय. जागृतीने मान हलवली.

तुम्ही म्हणाल, देवीने केलं. मी म्हणते, तुमच्या भिकनने केलं. पण चार दिवस त्याच्या आत काहीतरी चाललं असेल, त्याचं नाव मला येत नाही. तुम्हाला येतं तर तुम्ही घ्या.

शनिवारी बारसं. तुम्ही यायचं. डब्यात थोडं पीठ उरलंय, ते तुमच्यासाठी ठेवलंय.

अंजनाबाई


डिंडोली
५ ऑगस्ट

विहीणबाईंना धुरपदाबाईचा जय भीम.

तो घरी आला आणि मी म्हटलं, चक्की उघडी होती का? तो म्हणाला, होती. वत्सला भिंतीकडे तोंड करून हसली. एवढंच बोलणं झालं, पण जेवायला नको म्हणाला, तेव्हाच मला बट्ट्यांचा वास आला.

शनिवारी आम्ही सगळे येतो. मी, वत्सला, अक्षय, आणि भिकनने सुट्टी मागितलीय. भागीरथीलाही यायचंय, तिला मी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. दोन झबली शिवलीत, एक हात जरा मोठा झाला, ती वाढेल. चेतनसाठी शेवमुरमुरे आणते. नाव तुम्ही आणि जागृतीने ठरवा, मला आधी सांगून ठेवा म्हणजे मोठ्याने हाक मारायचा सराव करीन.

मुलींची मूठ धरत नाहीत असं मला माझ्या सासूने सांगितलं, तिला तिच्या सासूने. वर गेल्यावर मी दोघींना सांगेन की देवीनेच धरली, माझा फक्त हात होता. तुम्ही हात चुकला म्हणा. आपण दोघी एका बाकावर बसू आणि गोळी खात वाद घालू.

आमच्यात चुकलेली कानबाई त्या वर्षी पुन्हा बसवत नाहीत, पुढच्या वर्षाचीच वाट बघायची. पुढच्या वर्षी पोरगी वर्षाची होईल. तिला परातीपुढे बसवायचं आणि तिची मूठ तिच्याच हाताने टाकायची असं भिकन म्हणाला. तिच्या मुठीत गहू मावणार किती, चार दाणे. वर पाव म्हणजे एक दाणा. चालेल.

मी आजच चांगले गहू वेगळे काढून ठेवले. कीड लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घातला. वर्षभर टिकले पाहिजेत. मीसुद्धा.

तुमची
धुरपदाबाई